पैदाशीच्या नराचा खुराक: झाडपाला कुठे लागू पडतो, कुठे अंगावर येतो

माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात पावसाळा तोंडावर आला की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "शेळ्या उलटायला लागल्यात, बोकडाला काय चारू?" विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही सोबत घेऊनच आलेला असतो. कुणी त्याला अश्वगंधा सांगितलेली असते, कुणी गोखरू, कुणी खाजकुहिलीचं बी, तर कुणी दुकानातला डबा, ज्यावर उमद्या वळूचं चित्र असतं. "हे दिलं तर चालंल ना?" एवढंच त्याला हवं असतं.

प्रश्न लाखमोलाचा आहे. एक शेळी उलटली, म्हणजे नर लावूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर तिचं एक वेत लांबतं. पण पंचवीस-तीस शेळ्यांमागे बोकड एकच असतो. तो कमी पडला तर अख्ख्या खांडाची करडं लांबतात आणि वर्षाचं गणित बसत नाही. माडग्याळ मेंढ्यांच्या आमच्या भागात चांगल्या नराला काय मोल आहे हे वेगळं सांगायला नको. आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ नराला ७० लाखांची मागणी आल्याच्या बातम्या २०२० मध्ये राज्यभर झळकल्या होत्या. खिल्लार वळूचंही तसंच. मालक स्वतः चटणी-भाकरी खाईल, पण वळूला खुराक कमी पडू देणार नाही.

म्हणून वनस्पतींच्या पूरक खाद्याबद्दल नीट समजून घ्यायला हवं. त्याचा उपयोग आहे, आणि तो खरा आहे. पण तो ठरावीक जागी आणि ठरावीक वेळेत होतो. जागा चुकली तर पैसे वाया जातात. काही झाडं तर नराच्या अंगावरच येतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव आपल्या रोजच्या गव्हाणीत आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आधी दोन महिन्यांचा हिशेब

नर आज जे वीर्य देतो, ते आज तयार झालेलं नसतं. वृषणात एका मूळ पेशीपासून पूर्ण शुक्रजंतू घडायला मेंढ्यात आणि बोकडात साधारण ४७ ते ४९ दिवस लागतात, वळूत सुमारे ६१ दिवस. त्यानंतर हे शुक्रजंतू वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीतून पुढे सरकतात. तिथे ते पोहायला आणि फलन करायला लायक होतात. या प्रवासाला आणखी दीड-दोन आठवडे धरा. म्हणजे बोकड-मेंढ्याच्या बाबतीत दोन महिने आणि वळूच्या बाबतीत सव्वादोन-अडीच महिने हा किमान हिशेब झाला.

आता हा हिशेब उन्हाळ्याला लावून बघा. शुक्रजंतू तयार व्हायला वृषण शरीरापेक्षा ४ ते ५ अंश सेल्सिअस थंड असावे लागतात. म्हणून तर निसर्गाने ते पोटाबाहेर पिशवीत ठेवले आहेत. गरमीत पिशवी सैल होऊन खाली लोंबते, थंडीत वर ओढली जाते. रक्त आत जातानाच बाजूच्या शिरांतल्या थंड रक्ताशी उष्णतेची देवाणघेवाण करून गार होतं. पण एप्रिल-मे महिन्यात दहिवडी-म्हसवडकडे पारा चाळिशीपार जातो, सावली नसते, पाणी लांब असतं, तेव्हा ही व्यवस्था कमी पडते. त्या दिवसांत घडत असलेले शुक्रजंतू वाकड्या शेपटीचे, तुटक्या डोक्याचे निघतात किंवा घडतच नाहीत. नर मात्र दिसायला ठणठणीत असतो, माद्यांवर चढतोही.

नुकसान मे महिन्यात होतं आणि दिसतं जून-जुलैत. पाऊस पडतो, हिरवा पाला येतो, माद्या माजावर येतात आणि उलटू लागतात. मालक घाबरून चूर्ण आणतो. तोवर हवा गार झालेली असते, वृषणात नवी चांगली पिढी तयार होऊ लागलेली असते, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत नर आपोआप सुधारतो. श्रेय जातं चूर्णाला. पुढच्या वर्षी तो डबा चार गावांत खपतो. यात कुणी फसवतंच असं नाही. विकणाऱ्याचीही त्यावर मनापासून श्रद्धा असते. पण नर कशाने सुधारला हे ठरवताना हा दोन महिन्यांचा काळ ध्यानात घ्यावाच लागतो.

यातूनच पहिला व्यवहारी नियम निघतो. नराला जे काही द्यायचं ते खांडात सोडायच्या आधी आठ आठवडे सुरू करा. जूनमध्ये नर लावायचा असेल तर खुराक एप्रिलच्या सुरुवातीला सुरू झाला पाहिजे, आणि त्यासोबत दुपारची सावली आणि पोटभर पाणी. आठवडाभर काहीतरी चारून "फरक पडला" असं कुणी म्हणालं, तर नराचा उत्साह वाढला असेल कदाचित. वीर्य बदललेलं नसतं.

झाडपाला नेमकं काय करतो

कधी संधी मिळाली तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात ताज्या वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. काचपट्टी आधी कोमट करून घेतात, कारण थंड काचेवर शुक्रजंतू जागीच मरगळतात. चांगल्या मेंढ्याचं वीर्य सायीसारखं दाट असतं, एका वेळी जेमतेम एक मिलिलिटर. पण त्या एवढ्याशा थेंबात अब्जावधी शुक्रजंतू असतात. कमी भिंगातून पाहिलं की एकेक जंतू दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या लाटा उसळताना दिसतात, भोवरे फिरताना दिसतात, पूर्ण थेंब खदखदत असतो. उन्हाने किंवा आजाराने खालावलेल्या नराचा थेंब याच्या शेजारी ठेवला तर त्यात लाटा नसतात. नुसते कण इकडे-तिकडे वळवळतात, काही जागेवर गोल फिरतात. ज्याने हे दोन थेंब एकदा पाहिले, त्याला वीर्यतपासणी का करायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे जंतू खराब का होतात? शुक्रजंतूच्या बाहेरच्या आवरणात नाजूक प्रकारची स्निग्ध आम्लं भरपूर असतात. त्यांच्यामुळे आवरण लवचिक राहतं आणि शेपटी सपासप हलते. पण हीच आम्लं ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांना लगेच बळी पडतात. जुने शेंगदाणे खवट होतात ना, तीच रासायनिक क्रिया इथे शुक्रजंतूच्या आवरणात घडते. शरीरातल्या इतर पेशींकडे अशा हल्ल्यापासून बचाव करणारी विकरं (एन्झाइम) पुरेशी असतात. शुक्रजंतूने मात्र हलकं होण्यासाठी आपल्यातला बहुतेक पेशीद्रव टाकून दिलेला असतो, म्हणून त्याच्याकडे स्वतःचा साठा नगण्य उरतो. ऊन, ताप, सूज, निकृष्ट चारा, अतिवापर या सगळ्यांत ही खवट होण्याची क्रिया वाढते.

झाडपाल्याचं खरं काम इथे आहे. हिरव्या पानांतलं व्हिटॅमिन ई, गाजर-पाल्यातलं कॅरोटीन, शेवग्यातली, हळदीतली, डाळिंबाच्या सालीतली पॉलिफेनॉल वर्गातली द्रव्यं ही क्रिया थोपवायला मदत करतात. त्यांना ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यं म्हणतात. झिंक आणि सेलेनियम हे खनिज घटक बचावाच्या विकरांचे भाग असतात, त्यामुळे पाल्याबरोबर खनिज मिश्रणही लागतंच. दुसरं काम पोषणाचं: नराच्या अंगात प्रथिनं, ऊर्जा किंवा व्हिटॅमिन ए कमी पडत असेल तर ती तूट भरून काढणं. तिसरं, संप्रेरकांवर परिणाम करण्याचं. अश्वगंधा, खाजकुहिली, गोखरू यांची कीर्ती या तिसऱ्या कामामुळे आहे, आणि जनावरांच्या बाबतीत सगळ्यात कमी पुरावा याच कामाचा आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नर निरोगी असेल, पोटभर हिरवं-वाळलं खात असेल आणि सावलीत असेल, तर वरून कितीही औषधी चारा दिला तरी त्याच्या वृषणाच्या कुवतीपलीकडे काही वाढत नाही. पूरक खाद्य तूट भरतं. जिथे तूट नाही तिथे त्याला करायला काम नसतं.

साधा खुराक आधी

नराच्या खुराकावर जगात जे प्रयोग सगळ्यात नेटके झाले आणि शेतकऱ्यांनी उचलले, ते कुठल्या जडीबुटीचे नव्हते, कडधान्याचे होते. ऑस्ट्रेलियात मेंढीपालक नर सोडण्याआधी आठ-नऊ आठवडे त्या नरांना ल्युपिन नावाचं कडधान्य चारतात. त्याने वृषणांचा आकार वाढतो आणि त्याबरोबर रोजचं शुक्रजंतूंचं उत्पादनही. काळ बघा: आठ-नऊ आठवडे. वरचा हिशेब इथे तंतोतंत जुळतो.

आपल्याकडे ल्युपिन नसलं म्हणून काही अडत नाही. हुलगा आहे, मटकी आहे, हरभऱ्याची आणि तुरीची चुणी आहे. खिल्लाराला उकडलेला हुलगा घालायची जुनी पद्धत माणदेशातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहेच. ती सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या बोकडाला रोज पाव ते अर्धा किलो भरडा पुरतो. त्यात मका किंवा ज्वारी, कडधान्याची चुणी, थोडी शेंगदाणा पेंड आणि खनिज मिश्रण असावं. सुरुवात मूठभराने करून दहा-बारा दिवसांत वाढवत न्या. एकदम धान्य ओतलं तर पोटात आम्ल होऊन जनावर आडवं होतं. आणि नुसता गव्हाचा कोंडा आणि धान्यच वाढवत राहू नका. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. त्यातून बोकड-मेंढ्यांना मुतखडा होतो, लघवी अडते आणि चांगला नर दोन दिवसांत हातचा जातो. पैदाशीचा नर चपळ आणि कसदार हवा. चरबी चढलेला नर उन्हात आणखी तापतो आणि त्याचा उत्साहही मावळतो.

पाल्यात पहिलं नाव शेवग्याचं. वाळलेल्या पाल्यात वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा प्रथिनं, वर कॅरोटीन, व्हिटॅमिन ई आणि पॉलिफेनॉल. मेंढे आणि बोकडांवर वेगवेगळ्या देशांत झालेल्या चाचण्यांत शेवगापाल्याने शुक्रजंतूंची चाल आणि संख्या सुधारल्याचे निष्कर्ष आले आहेत. बांधावर दोन झाडं असली तरी एका नराची सोय होते. मोठ्या बोकडाला दिवसाला अर्धा ते एक किलो ओला पाला इतर चाऱ्यात मिसळून द्या. वाळवायचा असेल तर सावलीत वाळवा, पातळ पसरून, रोज एकदा हलवून. उन्हात वाळवला तर कॅरोटीनचा मोठा भाग नष्ट होतो. पाला वाळूनही हिरवा राहिला पाहिजे. तपकिरी पडला की त्यातला निम्मा फायदा संपला असं समजा.

दुष्काळी भागात याचं मोल दुप्पट आहे. चारा छावणीत किंवा उन्हाळ्यात जनावरं महिनोन्महिने नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर असतात. कडब्यात कॅरोटीन जवळजवळ नसतं. यकृतातला व्हिटॅमिन ए चा साठा काही महिने पुरतो आणि मग वृषणातल्या शुक्रजंतू घडवणाऱ्या पेशीच झिजायला लागतात. वाढ्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झॅलेट जास्त असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. अशा नराला अश्वगंधा देण्याआधी हातभर हिरवा पाला द्या. महागडा डबा जे करणार नाही ते तो करेल.

जवसही कामाचं आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ गटातलं स्निग्ध आम्ल असतं. शुक्रजंतूच्या आवरणात ज्या प्रकारची आम्लं लागतात, त्यांच्या घडणीला ते उपयोगी पडतं. वळू, मेंढे, बोकड यांच्यावरच्या अनेक प्रयोगांत जवसाने वीर्याची गोठवणक्षमता किंवा चाल सुधारलेली दिसते, काहींत फरक पडलेला नाही. बोकडाला भरडलेलं जवस २५-३० ग्रॅमपासून सुरू करावं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या एकूण खाद्यात तेलाचं प्रमाण ६-७ टक्क्यांच्या वर गेलं तर पोटातल्या जिवाणूंचं काम बिघडतं, म्हणून हात राखूनच. जवस जुनं-खवट असेल तर मुळीच नको. ज्या नासाडीपासून वाचवायचं तीच आपण चारतो.

जडीबुटी: कीर्ती आणि पुरावा

अश्वगंधा, म्हणजे आपल्याकडचं आस्कंद, आणि खाजकुहिली या दोघांवर लखनऊच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९-१० च्या सुमारास वंध्यत्व असलेल्या पुरुषांवर अभ्यास केले. रोज ५ ग्रॅम चूर्ण, तीन महिने. वीर्याची प्रत आणि टेस्टोस्टेरॉन सुधारल्याचं त्यांनी नोंदवलं. खाजकुहिलीच्या बियांत एल-डोपा नावाचं द्रव्य असतं. मेंदूत त्यापासून डोपामिन बनतं, डोपामिनमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक उतरतं आणि वृषणाला चालना देणाऱ्या संप्रेरकांना वाट मोकळी होते. अश्वगंधेचा परिणाम बहुधा ताण कमी होण्यातून येतो.

पण ती माणसं होती. बाकीचं बरंच संशोधन उंदरांवर आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचं पोट वेगळं आहे. त्यांनी खाल्लेलं सगळं आधी मोठ्या पोटात जातं, तिथले अब्जावधी जिवाणू ते कुजवतात, तोडतात, बदलतात, आणि मग उरलेलं पुढे सरकतं. उंदराच्या किंवा माणसाच्या आतड्यात जे द्रव्य जसंच्या तसं शोषलं जातं, ते शेळीच्या पोटात वेगळंच होऊन बसू शकतं. म्हणून "अमुक ग्रॅम माणसाला, तर वळूला त्याच्या सहापट" असा वजनी हिशेब चालत नाही. ज्याला ही चूर्णं वापरायची आहेत त्याने पशुवैद्याला विचारून, दुसरं सगळं नीट केल्यावर, दोन महिने वापरून बघावीत. त्यांचा नंबर शेवटचा लागतो, एवढंच माझं म्हणणं.

गोखरूबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्या माळरानावर सराटे, म्हणजेच गोखरू, पायाला टोचतील इतके आहेत. माणसाच्या औषधात गोखरूला मान आहे. पण हीच वनस्पती हिरवी असताना मेंढ्यांनी भरपूर चरली तर त्यांच्या यकृतावर परिणाम होतो. पानातली सॅपोनिन वर्गातली द्रव्यं आणि त्यासोबत वाढणारी विशिष्ट बुरशी मिळून पित्तनलिकांना इजा करतात. मग हिरव्या चाऱ्यातून बनणारं एक रंगद्रव्य पित्तावाटे बाहेर न पडता रक्तात साचतं आणि कडक उन्हात कातडी भाजते. तोंड आणि कान सुजतात, डोळे पिवळे पडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळांनी या रोगापायी हजारो मेंढ्या गमावल्या आहेत. तेव्हा "गोखरू नराला चांगला" असं ऐकून मेंढ्यांना सराट्याच्या माळावर मुद्दाम अडवून धरू नका.

हळद आणि डाळिंब ही तर आपल्या जिल्ह्याची पिकं. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आटपाडी-जतला डाळिंबाच्या बागा आहेत. हळदीतलं कर्क्युमिन आणि डाळिंबाच्या सालीतली द्रव्यं प्रयोगशाळेत जोरदार ऑक्सिडीकरणरोधक ठरतात. वीर्य गोठवण्याच्या द्रावणातही अशी अर्कं मिसळून पाहिली जातात. पण कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, आणि हळदीच्या मोठ्या मात्रेने उंदरांत शुक्रजंतू घटल्याचेही प्रयोग आहेत. चिमूटभर हळद चालेल, मूठ नको. डाळिंबाची साल घालणार असाल तर बागेत शेवटची फवारणी केव्हा झाली ते आधी विचारा. फवारणीचा अंश असलेली साल नराला देण्यात कसला फायदा?

गव्हाणीतला शत्रू

आता सरकी. पश्चिम महाराष्ट्रात दुभत्या जनावराच्या खुराकात सरकी पेंड पहिली, आणि दुभत्याला ती चांगलीच आहे. पण कपाशीच्या बियांत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, आणि ते नराच्या शुक्रजंतूंवर थेट घाव घालतं. चीनमध्ये कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या खेड्यांत मुलंच होईनाशी झाली, तेव्हा १९५० च्या दशकात याचा छडा लागला. पुढे १९७० च्या दशकापासून तिथे गॉसिपॉलची पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी म्हणून आठ हजारांहून जास्त माणसांवर चाचणी झाली. गोळी लागू पडली. पण काहींचं पोटॅशियम घसरलं, काहींना पुन्हा मूल होण्याची क्षमता परत मिळाली नाही, म्हणून ती सोडून द्यावी लागली. ज्या द्रव्याची गर्भनिरोधक म्हणून चाचणी झाली, तेच आपण वळूला "ताकद यावी" म्हणून घमेल्याने चारतो.

रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटात गॉसिपॉलचा काही भाग बांधला जातो, म्हणून गाईला त्रास दिसत नाही. तरीही वळूंत सरकीमुळे शुक्रजंतूच्या मधल्या भागात, जिथे त्याची ऊर्जा तयार होते तिथे, विकृती वाढते हे प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. वयात येणाऱ्या खोंडांना धोका जास्त. अख्ख्या सरकीत मोकळं गॉसिपॉल अधिक असतं. उष्णता देऊन तेल काढलेल्या पेंडीत कमी, कारण ते प्रथिनांना चिकटतं. पण तिथेही त्या प्रथिनाचा कस उतरतोच. चांगली बाब अशी की सरकी बंद केल्यावर बहुतेक नर दोन-तीन महिन्यांत सावरतात, आणि तरुण वळूंवरच्या प्रयोगांत व्हिटॅमिन ई ची पूर्ती दिल्यावर बराचसा दुष्परिणाम टळला. माझं मत साधं आहे: पैदाशीच्या नराच्या गव्हाणीत सरकी नकोच, शेंगदाणा पेंड किंवा कडधान्याची चुणी घाला. एवढा एक बदल केला तर अनेक ठिकाणी जडीबुटीची गरजच राहणार नाही.

इतर काही पाल्यांबद्दल थोडक्यात. कडुलिंबाचं बी आणि तेल यांचा प्रयोगप्राण्यांत शुक्रजंतू घटवणारा परिणाम नोंदलेला आहे. दुष्काळात शेळीने चार डहाळ्या ओरबाडल्या तर काही बिघडत नाही, पण नराला जंतनाशक म्हणून निंबोळी कुटून रोज पाजू नका. पपईच्या बियांचंही तसंच. लसूणघास उत्तम चारा आहे, पण त्यात, विशेषतः मावा किंवा बुरशी लागलेल्या पिकात, स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारं द्रव्य वाढतं. त्याचा जास्त त्रास माद्यांना होतो. नराला एकट्या लसूणघासावर ठेवू नका म्हणजे झालं. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच.

खुराकाने न सुटणारी कारणं

माद्या उलटण्याची काही कारणं अशी आहेत की तिथे कुठलाही पाला हात टेकतो. ब्रुसेलोसिस या जिवाणूंच्या रोगात नराचे वृषण सुजतात, माद्यांचे गाभ जातात, आणि हा रोग माणसालाही होतो. सरकारी मोहिमेत याची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या वासरीला आणि पारडीला देतात. नराला देत नाहीत, कारण लसीतल्या जिवंत जिवाणूनेच त्याचे वृषण सुजू शकतात. म्हणून गावच्या वळूची रक्ततपासणी हाच त्याच्यापुरता उपाय. गर्भ गळालेल्या शेळीचा वार उघड्या हाताने उचलू नका आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका. एकच बोकड चार-पाच वर्षं खांडात ठेवला तर तो आपल्याच पाटींवर, म्हणजे स्वतःपासून झालेल्या तरुण शेळ्यांवर, लागतो. रक्तातलं नातं जवळ आलं की फळण्याचं प्रमाण आणि करडांची जगण्याची ताकद दोन्ही घटतात. दर दोन वर्षांनी नर बदला किंवा शेजारच्या गावाशी अदलाबदल करा. चांगल्या पैदाशीचे नर हवे असतील तर दहिवडी आणि रांजणी इथली शेळी-मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रं आपल्या जवळच आहेत.

नर घेताना किंवा खुराक सुरू करण्याआधी हाताने तपासा. नर उभा करून मागून दोन्ही वृषण हळूच खाली ओढून धरा. दोन्ही सारखे, घट्ट पण लवचिक, पिशवीत मोकळे सरकणारे हवेत. एक लहान, एक मोठा, किंवा दगडासारखा कडक, किंवा पिलपिलीत लागला तर तो नर खुराकाचा नाही, पशुवैद्याचा. जिथे घेर सगळ्यात जास्त आहे तिथे शिंप्याची टेप लावून माप लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. परदेशी जातींचे आकडे आपल्या उस्मानाबादी किंवा दख्खनीला लागू करू नका. आपल्याच नराचं आधीचं माप आणि नंतरचं माप यांची तुलना करा.

शेवटी, खुराक लागू पडला की नाही हे ठरवायची स्वस्तातली रीत. गेरू तेलात कालवून घट्ट लेप करा आणि नर सोडताना त्याच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मधे लावा, दोन दिवसांनी पुन्हा पुन्हा. ज्या मादीवर तो चढेल तिच्या पाठीवर रंग उमटतो. तिचा नंबर आणि तारीख वहीत टिपा. मेंढीचा माज १७ दिवसांनी फिरून येतो, शेळीचा २१ दिवसांनी. तेवढे दिवस झाले की लेपाचा रंग बदला, निळा घ्या. लाल खुणेवर निळी खूण उमटली ती मादी उलटली. चार-दोन माद्याच उलटत असतील आणि त्या दरवर्षी त्याच असतील तर दोष त्यांच्यात शोधा. निम्म्याहून जास्त पाठींवर निळा उमटला तर नर बाजूला घ्या, दुसरा सोडा, आणि पहिल्याचं वीर्य तपासून घ्या.